जुन्या सोलापुरी चादरीची ऐसपैस हँडबॅग: कापण्याआधी टीप, बाजू जोडण्याआधी बंद

जुन्या चादरीची बॅग बिघडते ती शिवणकाम येत नाही म्हणून नव्हे, तर कामांचा क्रम चुकतो म्हणून. चादर आधी कापली जाते, मग तिचे धागे सुटू लागतात आणि टीप मारायला माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड) उरत नाही. बंद (बॅग धरायचे पट्टे) सगळ्यात शेवटी लावले जातात, त्यामुळे अस्तर खेचलं जातं आणि दोन किलो बटाट्यांत टाके उसवतात. आतला खिसा तळाच्या कोपऱ्यात जातो. हे सगळं टाळता येतं. त्यासाठी खालचा क्रम जसा आहे तसाच पाळा.

तयार बॅगेची लांबी १५ इंच, उंची १३ इंच आणि तळाची रुंदी ५ इंच असेल. डबा, पाण्याची बाटली, छत्री, एखादी वही आणि परतताना घेतलेली भाजी एवढं तिच्यात मावतं. बाहेरून सोलापुरी चादर, बंदांना जुनी जीन्स आणि सुती साडीचे काठ, अस्तराला जुनं सुती बेडशीट, आतल्या खिशाला शर्टाचा खिसा. विकत आणायचं ते इतकंच: पॉलिएस्टरचा दोरा, १६ नंबरच्या दोन-तीन सुया, मीटरवर मिळणारी ५ नंबरची नायलॉन चेन, तिचा रनर (चेन उघड-बंद करणारा सरकता तुकडा) आणि अस्तराला चिकटवायला पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं ताठ कापड.

१. चादर तपासणं

चादर खिडकीत उजेडासमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो तो भाग झिजलेला. अंथरायच्या चादरीचा मधला भाग आधी विरतो, कडेचा भाग मात्र वर्षानुवर्षं शाबूत राहतो. शंका असलेल्या जागी कापड दोन्ही मुठींत धरून आडवं आणि उभं जोरात ताणा. करकर आवाज आला किंवा धागे सरकले, तर तो भाग सोडा. एकेरी चादर सुमारे ६० बाय ९० इंचांची असते आणि आपल्याला २१ बाय १६.५ इंचांचे दोनच तुकडे लागतात. चांगला भाग निवडण्यात कंजुषी करायचं कारण नाही.

सोलापुरी चादरीला नक्षी दोन्ही बाजूंना असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. वरची बाजू विटली असेल, तर खालची बाजू बाहेर घ्या. ती बऱ्याचदा अधिक ताजी दिसते. पण एकदा ठरवलं की लगेच दोन्ही तुकड्यांच्या जागी, आत जाणार त्या बाजूला, खडूने फुली मारा. दोन्ही बाजू चांगल्या दिसत असल्यामुळे इथे हमखास घोटाळा होतो. बॅग पूर्ण झाल्यावर पुढचा भाग लाल आणि मागचा पांढरा निघाला, तर सगळं उसवण्याशिवाय इलाज नसतो.

चादरीऐवजी जाड पडदा किंवा सोफ्याचं कव्हरही चालेल. पडदा मऊ पडतो, म्हणून त्याला पेस्टिंग बाहेरच्या कापडालाही लावा.

२. धुणं आणि इस्त्री

चादर, जीन्स, अस्तराचं कापड आणि साडीचे काठ असं सगळं कापण्याआधी कोमट पाण्यात धुऊन वाळवा. पांढरं फडकं ओलं करून चादरीच्या गडद रंगावर घासा. फडक्याला रंग लागला, तर रंग जायचा थांबेपर्यंत चादर आणखी धुवा, नाहीतर पहिल्याच पावसात तो रंग कपड्यांवर उतरेल. शेवटी इस्त्री. चादरीत कुठला धागा मिसळलाय ते माहीत नसेल, तर आधी एका कोपऱ्यावर मध्यम तापमानात पाहा. चुरगळलेल्या कापडावर आखलेलं माप कधीच खरं निघत नाही.

३. मशीन आणि नमुन्याची टीप

ब्लाउज शिवायच्या ११ किंवा १४ नंबरच्या सुईने चादर शिवू नका. सुई वाकते, टाके सुटतात आणि दोष मशीनला दिला जातो. १६ नंबरची नवी सुई लावा. जाड जोडावर तीही टाके सोडू लागली तर १८. टाका मोठा ठेवा, इंचाला ७ ते ८. बारीक टाक्यांची टीप मजबूत दिसते खरी, पण जुन्या कापडाला ती जवळजवळ भोकं पाडते आणि ताण आला की कापड तिथेच फाटतं.

दोरा हातात धरून झटका द्या. सहज तुटला तर तो रिळ बाजूला ठेवा, मग रंग कितीही जुळत असो. वर आणि बॉबिनमध्ये एकच दोरा हवा.

तपासा: चादरीचे टाकाऊ तुकडे चार थर करून त्यावर टीप मारा. खालच्या बाजूला दोऱ्याच्या गाठी किंवा वेटोळी दिसली तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा वाढवा. ही टीप जमली तरच पुढे जा.

४. आखणं, टीप, मग कात्री

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेकांच्या घाईत तोच निसटतो.

प्रत्येक तुकडा २१ इंच रुंद आणि १६.५ इंच उंच. हिशेब असा: १५ इंच समोरचा भाग, ५ इंच बाजू आणि दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच माया मिळून २१. उंचीला १३ इंच, तळासाठी अडीच, आणि वरखाली अर्धा-अर्धा इंच माया मिळून १६.५. माप बदलायचं असेल तर याच हिशेबाने बदला. तळाची निम्मी रुंदी उंचीत धरायची राहिली, तर बॅग बुटकी होते.

तुकडे दोनच काढा. तळाला जोड नको म्हणून पुढचा-मागचा भाग अखंड कापायचा मोह होतो, पण मग मागच्या बाजूचे मोर आणि फुलं डोक्यावर उभी राहतात. दोन्ही तुकड्यांवर नक्षी एकाच उंचीवर येईल असं पाहा.

रेषा सरळ हवी असेल तर कडेला छोटा काप देऊन एक आडवा धागा हलक्या हाताने ओढा. चादरीचा धागा जाड असतो, तो सहज सरकतो आणि मागे सरळ फट दिसते. त्या फटीवरून खडूची रेषा आखा. डोळ्यांच्या अंदाजाने आखलेला तुकडा तिरका गेला, की बॅग एका बाजूला कलते. नंतर कितीही इस्त्री केली तरी ती सरळ होत नाही.

आता कात्री बाजूला ठेवा. खडूच्या रेषेच्या आत पाव इंचावर चारही बाजूंनी टीप मारा. तिच्या बाहेर एक सूत (इंचाचा आठवा भाग) सोडून दुसरी टीप. मशीनला झिगझॅग असेल तर दुसरी टीप झिगझॅगची. त्यानंतरच खडूच्या रेषेवर कापा. या टिपा अर्ध्या इंचाच्या मायेत लपून जातात, बाहेरून दिसत नाहीत. कापून मग टीप मारायला गेलात, तर मशीनच्या पायाखाली येईपर्यंतच कड दोन-तीन सूत सुटलेली असते.

सावधान: तळाच्या कोपऱ्यांचे चौकोन आत्ता कापू नका. बऱ्याच जणी ते आधी कापून घेतात. घट्ट विणीच्या कापडाला ते चालतं, सोलापुरीला नाही. कोपरे शिवून झाल्यावर कापायचे.

अस्तराचेही याच मापाचे दोन तुकडे काढा. त्यांना आधी टीप मारायची गरज नाही. अस्तर फिक्या रंगाचं घ्या, काळ्या अस्तराच्या मोठ्या बॅगेत चाव्या सापडत नाहीत.

५. बंद

चादरीचेच बंद करायचे म्हणून पट्टी चार पदरी दुमडली, की घरच्या मशीनला ती झेपत नाही. जीन्सचे बंद दोन पदरी करा आणि जोडरेषेवर साडीचा काठ बसवा. मजबुती जीन्सची, शोभा काठाची.

१. जीन्सच्या पायाच्या उभ्या धाग्यात अडीच इंच रुंद पट्ट्या कापा. गुडघ्याचा विरलेला भाग टाळा. प्रत्येक बंदाला ४० इंच लांबी लागते. एका पायातून एवढी लांब पट्टी निघत नाही, तेव्हा जोड द्या. जोड तिरका घ्या, म्हणजे जाडी एका जागी साठत नाही.

२. दोन्ही लांब कडा मधोमध भिडतील अशा दुमडून इस्त्री करा. पट्टी सव्वा इंच रुंद होईल.

३. काठाच्या कडा आत दुमडून तो पाऊण ते एक इंच रुंद करा आणि जीन्सच्या फटीवर मधोमध ठेवा. जरीचा काठ असेल तर इस्त्री मंद ठेवा आणि वर फडकं घ्या.

४. काठाच्या दोन्ही कडांवर टीप मारा. दोन्ही टिपा एकाच दिशेने चालवा, एक वरून खाली आणि दुसरी खालून वर मारली तर बंद पिळवटतो.

काठ जुना आणि विरलेला असेल तर वापरू नका. नुसती शोभेची गोष्ट असली तरी हाताचं सगळं घर्षण तोच सोसतो.

६. बंद चादरीवर बसवणं

दोन्ही बाजू अजून सुट्या आहेत, कापड मशीनवर सपाट पसरतं. म्हणूनच बंद आत्ता लावायचे. पिशवी शिवून झाल्यावर ते लावायला गेलात, तर आतल्या घेरात मशीनचा पाय फिरत नाही आणि टाके अस्तरातून जातात. मग सगळं वजन चादरीऐवजी पातळ अस्तरावर पडतं.

तुकडा सुलट ठेवा. डाव्या आणि उजव्या कडेपासून ७ इंचांवर उभ्या रेषा आखा. बंदाचा मध्य या रेषांवर येईल. बंदाचं टोक अर्धा इंच आत दुमडून वरच्या कडेपासून ७ इंच खाली ठेवा. दुसरं टोक त्याच तुकड्यावरच्या दुसऱ्या रेषेवर. बंद मध्ये पिळला तर गेला नाही ना, हे टाचण्या लावण्याआधी हात फिरवून पाहा.

चादरीच्या मागे, बंदाचं टोक येतं तिथे, जीन्सचा दोन इंचांचा चौकोन ठेवा. वजनाचा झटका हाच चौकोन झेलतो. टोकापासून वर, वरच्या कडेच्या दीड इंच अलीकडेपर्यंत, बंदाच्या दोन्ही बाजूंना टीप मारा. वरचे दीड इंच मोकळेच ठेवा, नाहीतर तोंडाची टीप मारताना बंद तिच्यात अडकेल. तळाशी आणि वरच्या टोकाला चौकोन करून त्यात फुलीची टीप मारा. ही टीप दोनदा चालवा.

जाड जागेवर मशीनचा पाय मागे कलतो आणि टाके एकाच जागी साचतात. पायाच्या मागच्या भागाखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा आणि चार-सहा टाके चाक हाताने फिरवून घ्या. मोटर दामटली तर सुई तुटून तिचा तुकडा डोळ्याकडे उडू शकतो.

तपासा: दोन्ही तुकडे शेजारी ठेवा. बंदांची उंची सारखी आहे का? बंद खांद्यावर घेऊन काखेतून हात आरामात जातो का? हिवाळ्यात स्वेटरवरून घ्यायची असेल तर दोन-तीन इंच जास्त सोडावे लागतील. ते आत्ता बदलता येतं, पुढे नाही.

७. अस्तर: पेस्टिंग, खिसा, चेन

पेस्टिंग चादरीला नीट चिकटत नाही, तिचा पृष्ठभाग खडबडीत असतो. म्हणून ते अस्तराच्या उलट बाजूला लावा. पेस्टिंगचे तुकडे २० बाय १५.५ इंचांचे, म्हणजे मायेत जाडी येणार नाही. खरखरीत, डिंकाची बाजू अस्तराकडे. वर ओलसर फडकं ठेवून इस्त्री एका जागी दहा-बारा सेकंद दाबा, उचला, पुढे ठेवा. इस्त्री सरकवली की आत चुण्या पडतात आणि त्या कायमच्या राहतात.

शर्टाचा खिसा मागच्या कापडासकट, आजूबाजूला इंचभर जागा ठेवून कापा, कडा दुमडून अस्तराच्या सुलट बाजूवर शिवा. खिशाची खालची कड अस्तराच्या खालच्या कडेपासून निदान ४ इंच वर हवी. खालचे ३ इंच तळात जातात. याचा विसर पडला की मोबाइल बॅगेच्या तळाला आडवा पडतो.

चेनेसाठी मीटरची चेन घेतली याचं कारण इथे कळेल. तिचे दोन पदर पूर्ण वेगळे करून शिवता येतात, मध्ये काही गुंतत नाही.

अस्तराच्या कापडातून १८ बाय ५ इंचांच्या दोन पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी लांबीत दुमडा, सुलट बाजू आत. दोन्ही टोकांना अर्धा इंच माया ठेवून टीप मारा आणि उलटून घ्या. पट्टी १७ इंच लांब, अडीच इंच रुंद झाली. एक लांब कड दुमडीची, दुसरी कच्ची. २२ इंच चेन घ्या, पदर वेगळे करा. पट्टीची दुमडीची कड चेनेच्या कापडी पट्टीवर, दातांपासून एक सूत दूर ठेवून टीप मारा. एका टोकाला चेन इंचभर बाहेर राहू द्या, दुसऱ्या टोकाला चार इंचांची शेपटी.

शिवण्याआधी दोन्ही पट्ट्या टेबलावर समोरासमोर ठेवा: दात एकमेकांकडे, दोन्ही पदरांची सुलट बाजू वर, दोन्ही शेपट्या एकाच हाताला. हे जुळलं की खडूने खूण करून मगच शिवा.

आता अस्तराचा तुकडा सुलट बाजू वर करून ठेवा. पट्टीची कच्ची कड अस्तराच्या वरच्या कडेला मधोमध भिडवा. दोन्हीकडे २ इंच मोकळे राहतील. चेनेची सुलट बाजू तुमच्याकडे दिसली पाहिजे. कडेपासून पाव इंचावर टीप मारा. दुसऱ्या तुकड्यालाही तसंच, मात्र एका तुकड्यावर शेपटी डावीकडे येईल आणि दुसऱ्यावर उजवीकडे. तसं आलं तर बरोबर आहे.

८. बाजू, तळ, कोपरे

चादरीचे दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून ठेवा, नक्षी जुळवून टाचण्या लावा. दोन्ही बाजू आणि तळ अर्ध्या इंचावर शिवा. सुरुवातीला आणि शेवटी टीप मागेपुढे घ्या. तळाला दुसरी टीप पहिल्याच टिपेवरून. माया दोन बाजूंना उघडून इस्त्री करा. जाड जोड बसत नसेल तर वर फडकं ठेवून लहान हातोडीने हलके ठोका, चांगला सपाट होतो.

कोपऱ्यासाठी बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बरोबर बसवा, कोपऱ्याचा त्रिकोण होईल. दोन्ही शिवणींतून एक टाचणी आरपार घाला, म्हणजे त्या एका रेषेत आहेत हे कळेल. शिवणीच्या टोकापासून अडीच इंच आत आडवी रेषा आखा. टोक म्हणजे टिपेचं टोक, कापडाचं नव्हे.

तपासा: ती आडवी रेषा टेपने मोजा. बरोबर ५ इंच भरली पाहिजे. दोन्ही कोपऱ्यांना.

रेषेवर दोनदा टीप मारा. आता अर्धा इंच ठेवून त्रिकोण कापा आणि कापलेल्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून ती लगेच टाक्यांनी गुंतवून घ्या.

अस्तराचंही असंच, दोन फरकांसह. वरून अर्ध्या इंचाने सुरू करून खाली येताना माया एक सुताने वाढवा, म्हणजे अस्तर आत फुगत नाही. आणि तळाच्या शिवणीत मधोमध ८ इंच जागा मोकळी सोडा. अस्तराला चार-पाच इंच पुरतात असं वाटतं, पण एवढ्या फटीतून जाड चादर ओढली तर अस्तर टराटरा फाटतं.

९. तोंड

चादरीची पिशवी उलट ठेवा. अस्तराची पिशवी सुलट करून तिच्या आत घाला. दोघींच्या सुलट बाजू आता एकमेकींना भिडल्या. बंद आणि चेनेच्या पट्ट्या मधल्या जागेत खाली दाबून ठेवा. बाजूच्या शिवणी आधी जुळवा, मग मधला भाग. तोंडाचा घेर दोघींचा सारखा नसेल तर अस्तराची बाजूची शिवण दुरुस्त करा, चुण्या घालून भागवू नका.

अर्ध्या इंचावर घेरभर टीप मारा. तळाच्या फटीतून सगळं बाहेर ओढा, घाई न करता. तोंडाची कड बोटांनी चोळून नीट काढा, इस्त्री करा आणि कडेपासून पाव इंचावर दाबटीप (कड सपाट बसवणारी वरून दिसणारी टीप) मारा. इथे बंद वर उचलून धरा, म्हणजे ते टिपेत सापडत नाहीत.

रनर चेनेच्या छोट्या टोकातून चढवा, दोन्ही पदर एकाच वेळी सारखे आत सारा. चार-पाचदा मागेपुढे करून पाहा. मग छोटी टोकं खाली दुमडून हाताने पक्के टाके घाला आणि शेपटीच्या टोकाला जीन्सचा तुकडा दुमडून शिवा. रनर चढवण्याआधी दोन्ही टोकं बंद केली, तर सगळं पुन्हा उसवावं लागेल.

अस्तराची फट शेवटी मिटा. तिच्या आधी आत हात घालून बंदांच्या मागचे जीन्सचे चौकोन आणि कोपऱ्यांच्या टिपा चाचपून पाहा.

१०. तळाची पट्टी आणि वजनाची परीक्षा

तळाला पुठ्ठा घालू नका, भाजीच्या ओलाव्याने तो आठवड्याभरात मऊ पडतो. जुन्या प्लॅस्टिक फाइलचं जाड कव्हर १४.५ बाय ४.७५ इंच कापा, कोपरे गोल करा, अस्तराच्या उरलेल्या कापडाची गवसणी शिवून त्यात सरकवा. ही पट्टी अस्तरावर सुटीच ठेवायची, धुताना काढता येते.

बॅगेत पाच किलो तांदूळ किंवा पीठ भरून ती रात्रभर मजबूत खुंटीला टांगा. सकाळी चार ठिकाणी बघा: बंदांची खालची टोकं, तोंडाच्या दाबटिपेजवळचं कापड, तळाची शिवण, कोपरे. टिपेच्या बाजूने चादरीचे धागे सरकून बारीक फटी दिसत असतील तर कापड तिथे विरलंय. त्या जागी बाहेरून जीन्सचा मोठा तुकडा शोभेचा ठिगळ म्हणून लावा आणि बंदाचं टोक त्यावरून पुन्हा शिवा. रोज लॅपटॉप किंवा याहून जड काही न्यायचं असेल, तर पुढच्या बॅगेला बंद वरच न थांबवता दुकानातली सुती बेल्टपट्टी घेऊन तळाच्या शिवणीपर्यंत न्या.

धुताना बॅग थंड पाण्यात हाताने धुवा आणि उलटी करून सावलीत वाळवा. मशीनच्या ड्रायरमध्ये पिळली की पेस्टिंग सुटतं.